पोट बियाचं, फूल फांदीचं

शेजारच्या काकूंच्या कुरडयांत त्या वर्षी माझ्या अडेनियमच्या बिया निघाल्या. एप्रिलचा शेवटचा आठवडा, गच्चीभर वाळवण घातलेलं आणि मी ऑफिसात. सकाळी निघताना शेंग हिरवट-करडी होती. अजून दोन दिवस कळ काढेल असा माझा हिशेब. दुपारच्या उन्हात ती उभी चिरली आणि जवळजवळ तीन महिने ज्यांची वाट पाहिली त्या बिया वाऱ्यावर बसून निघाल्या. बऱ्याचशा रस्त्याकडे गेल्या, उरलेल्या ओल्या कुरडयांना चिकटल्या. संध्याकाळी काकूंनी एक बी चिमटीत धरून माझ्यासमोर नाचवलं. "हे केसाळ काय आहे रे तुझं?" झाड विषारी आहे, ते अख्खं ताट टाकून द्या, असं मला सांगावं लागलं. काकूंनी टाकलं. पण त्या ताटाबद्दल मी अजून ऐकतो आहे.

त्या गडबडीत मी ते बी मात्र खिशात घातलं आणि घरी येऊन दिव्याखाली धरलं. तपकिरी, काडीसारखं गोल, जेमतेम सेंटीमीटरभर लांब. आणि दोन्ही टोकांना रेशमी केसांचा एकेक झुपका. रुईची म्हातारी आपण सगळ्यांनीच लहानपणी फुंकून उडवलेली असते. तिला झुपका एकाच टोकाला. केस वर, बी खाली, छत्रीला लोंबकळणाऱ्या माणसासारखं. अडेनियम हे रुईचंच भाऊबंद, पण त्याने झुपके दोन्हीकडे लावले. त्यामुळे ते हवेत तर उडतंच, पण खरी करामत जमिनीवर उतरल्यावर. दोन झुपके म्हणजे दोन चाकं आणि मधलं बी हा त्यांचा आस. मी ते फरशीवर ठेवून हलकेच फुंकर घातली, तर गाडी घरंगळत थेट कपाटाखाली. वाळवंटातही ते असंच खडकावरून धावत सुटतं आणि एखाद्या कपारीत झुपका अडकला की थांबतं. उघड्या माळावर चिमूटभर माती आणि थोडीशी ओल साठते ती कपारीतच. म्हणजे जिथे गाडी अडते तेच स्टेशन.

अडेनियम तुम्ही पाहिलेलं असणार. नर्सरीत शिरताना उन्हात मांडलेल्या पसरट कुंड्या, त्यात हत्तीच्या पायासारखा करडा, फुगीर बुंधा, वर चार बोटांएवढ्या फांद्या आणि त्यांच्या टोकाला गुलाबी-लाल फुलांचे घोस. पाटीवर 'डेझर्ट रोज' लिहिलेलं असतं. गुलाबाशी याचं काहीही नातं नाही. नातं आहे ते कण्हेर, चाफा, सदाफुली, तगर आणि करवंदाशी. पान खुडलं की चीक येतो, तो या सगळ्या घराण्याचा शिक्का. मूळ वस्ती आफ्रिकेत सहाराच्या दक्षिणेचा सेनेगलपासून केनिया-टांझानियापर्यंतचा कोरडा पट्टा आणि समुद्रापलीकडे येमेन, ओमान, सौदी अरेबियाचे डोंगरउतार.

या झाडाचं नाव पडलं त्या कथेत मुंबई आहे, हे मला फार उशिरा कळलं. डेन्मार्कच्या राजाने १७६१ साली सहा जणांची एक मोहीम अरबस्तानात पाठवली. त्यात पेटर फोर्सकॉल हा वनस्पतितज्ज्ञ होता, लिनिअसचा शिष्य. येमेनच्या उतारांवर त्याला हे ढेरपोटं झाड भेटलं आणि फुलं पाहून त्याने ते कण्हेरीच्या वंशात घातलं: नेरियम ओबेसम, म्हणजे लठ्ठ कण्हेर. जुलै १७६३ मध्ये तो येमेनमध्येच तापाने गेला. वय अवघं एकतीस. भाषातज्ज्ञ त्याच्याआधीच गेला होता. उरलेले मुंबईच्या जहाजावर चढले, तर वाटेतच चित्रकार आणि नोकर गेले. मोहिमेचा डॉक्टर पुढच्या वर्षी मुंबईत वारला. उरला एकटा कार्स्टन नीबूर, मोजणीदार. तो वर्षाहून अधिक काळ मुंबईत राहिला, घारापुरीला जाऊन लेण्यांची मापं घेतली, चित्रं काढली आणि १७६७ मध्ये युरोपात परतला. फोर्सकॉलच्या टिपणांचं पुस्तक त्याने १७७५ मध्ये छापून घेतलं आणि त्यात ही लठ्ठ कण्हेर जगापुढे आली. पुढे १८१९ मध्ये तिला एडन बंदराची आठवण ठेवणारं वेगळं वंशनाव मिळालं, अडेनियम. 'ओबेसम' मात्र तसंच राहिलं. शास्त्राने झाडाला अधिकृतपणे जाड्या म्हटल्याची उदाहरणं फार नसावीत.

आणि ते पोट उगाच नाही. पावसाच्या थोड्या दिवसांत मुळं जेवढं पाणी ओढतील तेवढं बुंध्यात भरून ठेवायचं आणि उन्हाळा त्यावर काढायचा. कापलं तर आत नवलकोलासारखा पांढरा, रसाळ गर. कठीण लाकूड म्हणावं असं जवळजवळ नाहीच. दुष्काळ फार लांबला की झाड पानं टाकून देतं, कारण पान म्हणजे पाणी उडून जायची खिडकी. आणि मग त्या निष्पर्ण, ठेंगण्या खोडावर फुलं येतात. सोकोत्रा बेटावर याचीच एक जात माणसाच्या दुप्पट उंचीची होते. बुंधे असे, की पिंपांवर कोणीतरी फुलदाण्या ठेवल्यात असं वाटावं. त्या बेटावर होक नावाच्या खोल गुहेत भारतातून आलेल्या खलाशांनी आणि व्यापाऱ्यांनी ब्राह्मीत लिहिलेली आपली नावं सापडली आहेत, इसवी सनाच्या पहिल्या काही शतकांतली. काही जण भडोचचे. गुहेकडे चढताना ही झाडं त्यांनी पाहिली असतील, 'काय हे!' म्हणालेही असतील. नाव लिहिलं, पण झाडाबद्दल एक अक्षर नाही. माणूस तेव्हाही तसाच.

आता मूळ मुद्दा. ज्याला अडेनियम वाढवायचं आहे त्याच्यापुढे हे झाड एक अट ठेवतं: पोट हवं की फूल?

बी पेरलंत तर पोट मिळतं. चौथ्या-पाचव्या दिवशी मातीतून जो कोंब वर येतो तो पहिल्या क्षणापासूनच गुटगुटीत. मूळ आणि पहिली दोन दलं यांच्या मधला दांडा जन्मतःच फुगलेला असतो. बोटाएवढं रोप, पण ढेरी स्पष्ट. पुढे हीच ढेरी आणि खालची मुळं मिळून तो हत्तीचा पाय तयार होतो. पण फुलाचा रंग? तो आईवर जाईलच असं नाही, बापावर जाईलच असंही नाही. गडद लालभडक फुलाच्या बियांतून दहापैकी आठ रोपं साधी गुलाबी निघाली तर तक्रार कोणाकडे करणार? बी म्हणजे पत्त्यांचा नवा डाव.

फांदी लावलीत तर उलटं. फांदी कापून आठवडाभर सावलीत वाळवायची, कापलेल्या जागी कोरडी खपली धरू द्यायची आणि मग जाड वाळूत खोचायची. रुजते. फूल अगदी हुबेहूब आईचं, पाकळीच्या कडेच्या रेघेसकट. पण ते जन्मतःचं पोट तिला नाही, कारण ते फांदीत नव्हतंच. काही वर्षांनी मुळं थोडी जाड होतात, पण बुंधा सरळसोट राहतो. फुलायला छान, बघायला किरकोळ.

या पेचातून सुटायची युक्ती कोकणातल्या कोणत्याही आंबेवाल्याला झोपेत सांगता येईल. हापूसचं काय करतो आपण? कोय रायवळाची, काडी हापूसची. इथेही तेच. बियापासून वाढवलेलं पोटाचं रोप हा खुंट आणि हव्या त्या फुलाची काडी वर. पोट बियाचं, फूल फांदीचं. थायलंड आणि तैवानमधल्या बागायतदारांनी ही कला इतकी पुढे नेली, की आज दुपदरी, तिपदरी, पिवळ्या, काळपट-लाल फुलांची जी झाडं आपल्याकडे विकली जातात ती बहुतेक कलमंच असतात.

पाचर कलम मी स्वतः केलेलं आहे, त्यामुळे थोडं बारकाईने सांगतो. खुंटाची फांदी आणि काडी सारख्याच जाडीची घ्यायची, पेन्सिलीएवढी. ब्लेड स्पिरिटने पुसायचं. खुंट आडवा कापून मधोमध दीडेक सेंटीमीटरची चीर द्यायची. काडीची पानं काढून खालचं टोक दोन्ही बाजूंनी तासून पाचर करायची. कापताच चीक ओघळतो, तो टिपून घ्यायचा. मग पाचर चिरेत. इथे नजर लागते: सालीच्या लगेच आत हिरवट, ओलसर अशी एक बारीक रेघ असते, सगळी वाढ त्या रेघेतून होते. खुंटाची रेघ आणि काडीची रेघ निदान एका बाजूला तरी जुळली पाहिजे. जुळली तर दोन झाडांच्या पेशी एकमेकींत शिरून नळ जोडून घेतात; खालचं पाणी वर, वरची साखर खाली. नाही जुळली तर काडी चार दिवस हिरवी राहून तुम्हाला फसवते. प्लास्टिकची पट्टी घट्ट बांधायची, वर पिशवीची टोपी घालायची आणि सावलीत ठेवून द्यायचं. दोन-अडीच आठवड्यांनी काडीच्या टोकाला शेंगदाण्याच्या कोंबासारखं हिरवं काही दिसलं की त्या दिवशी चहा जरा जास्त गोड लागतो. पहिल्या पाचांपैकी माझी दोन जगली. एकाच बुंध्यावर चार फांद्यांना चार रंगांच्या काड्या बांधणारेही आहेत. मला ते लग्नाच्या मांडवासारखं वाटतं, पण ज्याची त्याची आवड.

खुंटासाठी बी लागतं आणि बियासाठी शेंग. शेंग मात्र आपल्याकडे सहसा धरत नाही. मधमाश्या येतात, डोकावतात, निघून जातात. कारण कळण्यासाठी एक फूल देठापासून वरपर्यंत नखाने उभं फाडून बघा. खाली नळी, आणि नळीच्या आत पाच पुंकेसरांनी एकमेकांना टेकून उभारलेला एक शंकू, बंद तंबूसारखा. त्यांच्या टोकांची केसाळ शेपटं फुलाच्या तोंडापर्यंत येतात, बाहेरून आपल्याला दिसतात ती तीच. परागकण तंबूच्या आत, शेंड्याला. ते बाहेर पडतच नाहीत. आणि स्त्रीकेसराचा जो भाग पराग स्वीकारतो तो परागांच्या बरोबर खाली, पण मध्ये एक कड. वरचे पराग खाली सांडत नाहीत. एका खोलीत राहून अबोला धरलेला संसार. शिवाय बहुतेक झाडं स्वतःचा पराग स्वीकारतही नाहीत. या तंबूला वाट एकच: दोन पुंकेसरांमधली केसाएवढी फट. ज्याची सोंड लांब आणि बारीक त्या किड्याने सोंड खाली मधापर्यंत घालायची आणि परत ओढताना ती या फटीतून वर सरकते. आधीच्या फुलाचे पराग खालच्या चिकट कडेला खरवडले जातात आणि वरून नवे पराग लागतात. एकाच ओढीत उतराई आणि भराई दोन्ही!

तो किडा म्हणजे आता तुम्ही. तीन-चार केसांचा बारीक ब्रश किंवा टोकदार काडी घ्यायची. एका झाडाचं फूल तोडून त्याचा तंबू उघडायचा, आतली पिवळसर-पांढरी भुकटी टोकावर घ्यायची. दुसऱ्या झाडाच्या फुलाची नळी एका बाजूने फाडायची, फूल झाडावरच ठेवून, आणि दोन पुंकेसरांच्या मधल्या फटीत, तळाच्या बाजूला, काडी घालून हलकेच वर सरकवायची. सकाळी, फूल ताजं असताना. जमलं तर आठ-दहा दिवसांत पाकळ्या गळालेल्या जागी बैलाच्या शिंगांसारखी हिरवी जोडी डोकं काढते. पुढचे दोन-तीन महिने ती फुगत राहते. एका शिंगात कधी पन्नास बिया, कधी शंभराच्या घरात.

बी ताजं असताना पेरावं, आणि उकाड्यात, फेब्रुवारी ते मे. झुपके कात्रीने कापले तरी चालतं. आडवं ठेवायचं, वर मातीचा पातळ थर. मिश्रण असं, की पाणी ओतलं तर खालून लगेच निघून गेलं पाहिजे: जाड वाळू, विटांचा चुरा, थोडं कोकोपीट, थोडं मुरलेलं शेणखत. देशावरची काळी माती कपाशीला कितीही चांगली असो, या झाडाला ती दलदल आहे. रोप वर्षाचं झालं की कुंडी बदलताना काही जण सोटमूळ छाटतात, म्हणजे बाजूची मुळं जाड होऊन पसरतात. जखम आठवडाभर सुकवून मगच लावायचं. दर वेळी बोटभर वर उचलून लावलं की मातीत लपलेली मुळं उघडी पडतात आणि बुंधा वर्षावर्षाला भव्य दिसत जातो. पहिलं फूल कधी वर्षाच्या आत, बहुधा दोन वर्षांत.

बी घेताना एक गोष्ट: निळं अडेनियम जगात नाही. चित्रातला निळा रंग संगणकावर भरलेला असतो. मी एकदा पाकीट मागवलं होतं, रोपं आली ती गुलाबी. एका अर्थी दुकानदाराने मला बियांचा नियम फुकटात शिकवला.

पाण्याबद्दल नर्सरीवाले सरसकट 'कमी घाला' म्हणतात. ते अर्धंच खरं आहे. कमी पाण्यावर तगणं आणि कमी पाण्यावर वाढणं या दोन निराळ्या गोष्टी आहेत. उन्हाळ्यात, पानं भरलेली असताना आणि मिश्रण निचऱ्याचं असेल तर अडेनियम चांगलं ढसाढसा पाणी पितं आणि पोट वाढवतं. थंडीत, पानं गळू लागली की हात आखडायचा. कॅलेंडर बघण्यापेक्षा अंगठ्याने पोट दाबून बघा. टणक असेल तर पोट भरलेलं आहे. सगळीकडून सारखं मऊ, जरासं सुरकुतलेलं असेल तर तहान लागली आहे. एकाच जागी लिबलिबीत आणि वास येत असेल तर कूज आहे. लगेच उपटून पांढरा, घट्ट गर लागेपर्यंत कापत जायचं, बुरशीनाशक लावायचं आणि आठवडाभर टांगून सुकवायचं. कोकणातल्या आणि मुंबईतल्या पावसात कुंडी पत्र्याखाली सरकवलेली बरी. झाडाला पावसाचं वावडं नाही. तीन-चार महिने सतत ओल्या राहिलेल्या मुळांचं आहे.

चीक विषारी, हे आधी सांगितलंच. आफ्रिकेत या झाडाचा रस आटवून शिकारीच्या बाणांना लावत. त्यातली द्रव्यं हृदयावर काम करतात: पेशीच्या पडद्यात सोडियम बाहेर आणि पोटॅशियम आत ढकलणारा जो पंप असतो तो अडवतात. हा पंप १९५७ मध्ये दाखवून दिला येन्स स्कोऊ या शास्त्रज्ञाने आणि १९९७ मध्ये त्याला त्यासाठी नोबेल मिळालं. तो डेन्मार्कचा. फोर्सकॉलची मोहीम ज्या देशाने पाठवली होती तोच देश. योगायोग आहे, पण मला तो सोडवत नाही.

सोकोत्रावर शेळ्या डोंगरच्या डोंगर चरतात, पण या झाडाला तोंड लावत नाहीत. कण्हेरीवरच्या हिरव्यागार पतंगाची अळी मात्र लावते. बोटाएवढी जाड, पोपटी आणि डोक्यामागे दोन निळे डोळ्यांसारखे ठिपके. ती हे विष खुशाल पचवते आणि दोन रात्रींत झाडाची सगळी पानं फस्त करते. मी तिला काडीवर उचलून खालच्या कण्हेरीवर नेऊन सोडतो. झाडाला तसंही पानांशिवाय राहायची सवय आहे, आठ-पंधरा दिवसांत नवी फुटतात. चीक हाताला लागला असेल तर साबणाने धुवा. घरात रांगतं मूल किंवा पाला चघळणारं मांजर असेल तर कुंडी उंचावर ठेवा.

आणि शिंगं फुगून करडी पडायला लागली की त्याच दिवशी त्यांना सुती दोरा सैलसर गुंडाळा किंवा जाळीची पिशवी बांधा. 'अजून दोन दिवस आहेत' हा हिशेब करू नका, विशेषतः शेजारी वाळवण घातलेलं असेल तर.